भिकुकाकूचं रडणं

आमच्या खानदेशात दुःखालाही रीत आहे, आणि ती ज्या बाईला येत नाही तिला आम्ही माणसात धरत नाही. मयत झालेल्या घरी भेटायला जाणं, याला आम्ही 'दारावर जाणं' म्हणतो. तिथे गुपचूप जाऊन कोपऱ्यात बसायचं नसतं. गल्लीच्या तोंडाशी पोचलं की डोक्यावरचा पदर तोंडावर ओढायचा आणि तिथूनच आवाज काढायचा. आवाज ऐकून त्या घरची बाई उठून दारात येते. मग दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडायचं आणि गेलेल्या माणसाची एकेक आठवण सुरात काढून रडायचं. पहिला भर ओसरला की तोंड धुवायचं आणि मग 'कसं झालं' ते विचारायचं. माझ्या शिकलेल्या सुनांना हे सगळं सोंग वाटतं. वाटो बापड्यांना. त्यांच्यावर अजून वेळ आलेली नाही, आणि येऊही नये.

माझी आई मंजुळाबाई या बाबतीत आसपासच्या गावांत नावाजलेली होती. पाचोऱ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. तिनं कोपऱ्यावर आवाज काढला की तिसऱ्या गल्लीतली म्हैस पान्हा चोरायची, असं माझे आजोबा, आबा, म्हणायचे. पण ते चेष्टेत. आईचं रडणं खोटं नव्हतं. गेलेल्या माणसाची एखादी अशी बारीक गोष्ट ती उचलायची, की जी घरच्यांच्याही ध्यानात नसे, आणि ती ऐकून दगडाला पाझर फुटायचा.

आणि अशा बाईची धाकटी जाऊ, माझी भिकुकाकू, ही गावात 'न रडणारी' म्हणून ओळखली गेली. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

जावा जावा आणि उभा दावा, असं म्हणतात. आमच्या घरी उलटं होतं. आई आणि काकू दोघी एकाच माहेरगावच्या, आईच्या पाठोपाठ चार वर्षांनी काकू त्याच घरात आली. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून तिचं नाव भिकू, म्हणजे देवाकडे भीक मागून आणलेली. आई तिला धाकट्या बहिणीसारखी वागवायची, म्हणजे दिवसभर रागवायची आणि दुधावरची साय तिच्या भाकरीवर घालायची. काकू आईला अक्का म्हणायची.

पहिली लढाई चालू होती त्या सुमाराला पुनाकाकाच्या, म्हणजे भिकुकाकूच्या नवऱ्याच्या, पायावरून बैलगाडीचं चाक गेलं. गावठी औषधं झाली, अंगारे-धुपारे झाले, पाय सडू लागला. शेवटी त्याला आगगाडीत घालून चाळीसगाववरून धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. काकू बरोबर गेली. सबंध पावसाळा दोघं तिथे होती. तिथल्या एका परिचारिकेनं रोज स्वतःच्या हातांनी त्याची जखम धुतली.

"त्या जखमेत किडे पडले होते," काकू पुढे मला सांगायची. "मी त्याची बायको, पण मी नाक दाबून लांब उभी राहायचे. आणि ती परकी बाई गुणगुणत धुवायची. मी तिला विचारलं, तू हे कुणासाठी करतेस? तिनं नाव सांगितलं. मग मी त्या नावाची चौकशी करत गेले."

दोघं परत आली ती पाय शाबूत घेऊन आणि येशूचं नाव घेऊन. गावात गहजब झाला. भाऊबंदांनी रोटी-पाणी बंद केलं. आबांनी पुनाकाकाला त्याच्या वाट्याचं शेत आणि खळ्यावरचं मातीचं घर तोडून दिलं, आणि त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आपलं द्यायचं नाही, अशी ताकीद घरात दिली. आई सासऱ्यापुढे मान खाली घालून 'हो' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून खळ्याच्या कुंपणावरून लोणच्याच्या बरण्या पलीकडे जाऊ लागल्या. पाण्यावर बंदी होती, लोणच्याचं कुणी काही बोललं नव्हतं. म्हणजे धर्म बदलला म्हणून त्या दोघी तुटल्या नाहीत, हे आधी सांगून ठेवते.

धुळ्याहून आल्यावर वर्षाच्या आत काकूला मुलगा झाला. झुलाल. सावळा, मोठ्या डोळ्यांचा, आणि अखंड बडबड्या. आम्हां पोरांना त्याच्याकडे जायला मनाई होती म्हणून आम्ही रोज जायचो. ज्वारीच्या वाळल्या धांडांची खेळातली बैलगाडी त्याच्यासारखी कुणाला जमायची नाही. चाकं फिरायची तिची. सहाव्या वर्षी पोळ्याच्या आधी त्याला ताप भरला, तो डोक्यात गेला, आणि आठवड्याच्या आत झुलाल गेला. पुनाकाकानं त्याला आपल्याच शेतात, बांधावरच्या लिंबाखाली पुरलं. धुळ्याचे पाळक येऊन प्रार्थना करून गेले.

गावातलं कुणी त्यांच्या दारावर जाणार नव्हतं. बंदीच होती तशी. पण आईनं त्या दिवशी आबांना विचारलंच नाही. तिनं गल्लीतल्या तीन बायांना हाताला धरून उठवलं, मला बरोबर घेतलं आणि निघाली. खळ्याच्या कोपऱ्यावर तिनं पदर ओढला आणि आवाज काढला. इतका तुटलेला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. झुलालला तिनं न्हाऊमाखू घातलं होतं, लपूनछपून का होईना. ती रडत रडत दारापर्यंत गेली. ओसरीत त्याची गाडी होती तशीच पडली होती.

"धांडानी गाडी दारमा उभी शे रे मना राजा..." आईनं सूर धरला आणि दोन्ही हात पुढे केले.

काकू दारात आली. डोळे कोरडे. तिनं हात जोडले.

"रडू नका," ती म्हणाली. "आमनामा रडतस नही. या, बसा."

आईचे हात तसेच हवेत राहिले. बरोबरच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पुढे केलेला गळा नाकारणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बाईलाच कळेल. उष्टं ताट तोंडावर फेकावं तसं ते आहे. सासऱ्याचा शब्द मोडून, भाऊबंदांची बोलणी अंगावर घेऊन आई आली होती. ती तशीच मागे वळली.

"दगड शे ती," घरी आल्यावर ती म्हणाली. "आजपाईन ते दार मनाकरता बंद."

आणि खरंच बंद झालं. कुंपणावरून जाणाऱ्या बरण्या थांबल्या. विहिरीच्या वाटेवर दोघी समोरासमोर आल्या तर एक जण वाट सोडून बांधावरून जायची. आई असा राग धरायची की तो वर्षानुवर्षं मुरायचा. फक्त एक गोष्ट मला दिसायची. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं आम्ही घागरी भरतो, वर खरबूज-आंबा ठेवतो. घरच्या घागरी मांडून झाल्या की आई त्यांच्या आडोशाला एक लहानसं मडकं भरून ठेवायची. कुणाचं ते तिनं सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

काकूच्या मनात काय चाललं होतं ते मला फार पुढे कळलं. पिंप्राळ्याला माझ्या सासरी ती डोळ्यांच्या औषधासाठी येऊन राहिली होती, तेव्हा तिनंच सांगितलं.

बाप्तिस्म्याच्या आधी पाळकांनी त्यांना शिकवलं होतं, की आपल्याला पुन्हा उठण्याची आशा आहे, तेव्हा दारावरची रडारड आपल्यात नको. पाळक कोकणाकडचे, चांगले गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांपुढे छाती बडवणं, देवाला शिव्याशाप देणं, हे सगळं होतं. पण आमच्या काकूला रडणं म्हणजे दारावरचं रडणं एवढंच माहीत. दुसरं काही रडणं असतं, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक होतं? तिनं तो नियम घट्ट धरला. आपण रडलो म्हणजे पोर प्रभूजवळ आहे यावर आपला भरवसा नाही असं होईल, आणि भरवसाच नाही तर ते पोर पुन्हा भेटेल कसं? ही तिची भीती. एक आसू पडला तर झुलालचा हात कायमचा सुटेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणजे त्या दिवशी दारात ती दगडासारखी उभी होती, ती पोराचा हात धरून उभी होती.

ख्रिस्ती मंडळीत तिचं कौतुक व्हायचं. पाचोऱ्याला रेल्वेतल्या एका बाबूच्या पडवीत रविवारची उपासना असायची. तिथे पाहुणा पाळक आला की सांगायचे, या भिकुबाईची श्रद्धा बघा, एकुलता एक मुलगा गेला पण डोळ्यांत पाणी नाही, केवढी शांती! काकू खाली मान घालून ऐकायची. शांती कसली? एकच अंगण ती सकाळपासून चारदा झाडायची. ओसरीतली धांडांची गाडी तिला हलवता येईना आणि बघवतही नसे. पुनाकाका मोट हाकताना विहिरीवर एकटा रडायचा. ते तिला ठाऊक होतं, आणि त्याच्यासाठी ती घाबरून प्रार्थना करायची, की याला क्षमा कर. प्रभूपुढे बसायची ती पाहुणीसारखी, अंग चोरून, काही चुकू नये म्हणून.

अशी सहा-सात वर्षं गेली.

मग मंदाबाई आली. ही अमळनेरकडची विधवा, मिशनच्या वतीनं खेडोपाडी फिरून बायांना शास्त्र सांगायची. बायबलबाई म्हणायचे अशांना. आखाजीच्या आदल्या दिवशी ती काकूच्या ओसरीत बसली होती आणि दोघी बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या. फोडता फोडता मंदाबाई गोष्ट सांगत होती. दोन बहिणी होत्या, त्यांचा भाऊ मेला, येशूचा तो जिवलग. येशू पोचला तोवर त्याला थडग्यात ठेवून चार दिवस झाले होते. बहिणी रडत सामोऱ्या आल्या. त्यांना बघून प्रभूही रडला.

काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोन रडना?"

"प्रभू."

"मैतवर? लोकसनामोरे?"

"हो गं. सगळ्या लोकांसमोर."

"त्याले माहीत नव्हतं का, तो पोऱ्या उठनार शे?"

"माहीत होतं की. त्यानंच तर उठवलं त्याला, घटकाभरानं."

"तरी रडना?"

"तरी रडला," मंदाबाई म्हणाली, आणि मग तिनं मान वर करून काकूकडे नीट पाहिलं. "भिकुबाई, तुला रडू नको म्हणून कुणी सांगितलं?"

काकू उठून शेतात गेली, लिंबाखाली बसली. तिला आता रडायची मुभा होती, प्रत्यक्ष प्रभूकडून. पण रडू येईना. तिनं झुलालचं नाव घेतलं, माती हातात घेतली, डोळे मिटून बसली. कोरडी ती कोरडीच. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं असं हाक मारली म्हणून येत नाही.

"रडायला गळा लागतो," ती मला म्हणाली होती. "आपल्यात एकटीनं कोण रडतं? आणि मला तर एकच गळा ठाऊक होता."

दुसऱ्या दिवशी आखाजी. आम्ही सासुरवाशिणी माहेरी आलो होतो. अंगणातल्या झाडाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. आई चुलीपुढे खापरावर पुरणपोळ्या भाजत होती. तेवढ्यात गाणं बंद पडलं. मी बाहेर डोकावले. भिकुकाकू आमच्या दारात उभी होती. गावानं टाकल्यापासून तिनं त्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. काकू किती वाळली होती ते आईनं बहुधा तेव्हाच जवळून पाहिलं.

"अक्का," काकू म्हणाली, "माले रडनं शे."

सणाचा दिवस, घर सवाष्णींनी भरलेलं. अशा दारात मेलेल्याच्या नावानं रडणं म्हणजे घरावर अरिष्ट ओढवून घेणं. हे काकूला माहीत नव्हतं थोडंच? ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी घसा खाकरला.

"आज?" आई म्हणाली. "सनना दिन शे आज. तव्हय मी उनी व्हती, तव्हय तू हात जोडात."

"माले वाटे, रडनं पाप शे. काल समजनं. मना प्रभूबी रडना. मैतवर. बठ्ठासनामोरे."

आईनं डोळे बारीक केले. देवांच्या गोष्टी तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या, पण ही नवी होती.

"देव व्हईसनी रडना?"

"हा."

"मंग चांगला शे तो," आई म्हणाली.

आबांनी जोडा पायात अडकवला आणि कुणाकडे न बघता मळ्याची वाट धरली. त्यांची परवानगी अशीच असायची.

मला वाटलं, आई आता काकूला जवळ घेईल. पण ती तिच्या अंगावरून तशीच पुढे गेली, अंगण ओलांडून थेट रस्त्यावर. आई गेली ती खळ्याकडे, जिथून ती एकदा तोंड फिरवून परत आली होती. आम्हां बायांना काही उमजेना. मग आई त्या कोपऱ्यावर थांबली, पदर तोंडावर ओढला, आणि मला कळलं. मी काकूला म्हटलं, "काकू, पळ, तुझ्या दारात जाऊन उभी राहा!" आणि काकू खरंच पळाली. लहान पोरीसारखी पळाली.

पिठाचे हात पुढे करून आई आली. सूर तिनं नव्यानं लावला नाही. जिथे तुटला होता तिथूनच उचलला.

"धांडानी गाडी दारमा उभी शे रे मना राजा... हाकनारा कोठे गया..."

काकू तिच्या गळ्यात पडली, आणि तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो मी अजून विसरलेले नाही. आम्ही सगळ्या रडलो. मंदाबाई रडली. विहिरीवरून पुनाकाका धावत आला आणि कुंपणाला धरून उभा राहिला. ऊन उतरेपर्यंत त्या दोघी उठल्या नाहीत. झुलालची एकेक गोष्ट निघत होती. त्याचं पहिलं पाऊल, त्याची बडबड, तापातला शेवटचा शब्द. हे सगळं काकूनं आजवर कुणापुढे काढलं नव्हतं.

शेवटी काकू निवली. आईनं मला घरी पिटाळलं आणि घागरीमागचं ते लहान मडकं आणायला सांगितलं. मी आणलं. काकूनं मडक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तिला विचारावं लागलं नाही.

"झुलालना नावनं पानी शे," आई म्हणाली. "त्यानी मायनंबी शे. पी."

काकू प्यायली. आमच्या घरचं पाणी. मग तिनं डोळे मिटले आणि तिथेच, आम्हां सगळ्यांच्या मध्ये, आपल्या प्रभूशी बोलली. फार नाही, दोनच वाक्यं. 'तू रडलास ते बरं केलंस. आता माझं पोर तुझ्याजवळ आहे ते मला पटलं.' एवढंच. त्या रात्री ती किती तरी वर्षांनी गाढ झोपली, असं पुनाकाका सांगायचा. त्या दिवसापासून ती प्रभूपुढे लेकीसारखी बसू लागली, हट्टानं, मोकळेपणी, प्रसंगी भांडूनसुद्धा.

पुढे गावात कुणाचंही मयत झालं, की या दोघी जावा जोडीनं जायच्या. आई रडवायची. रडून झालं, सगळ्या बाया उठून गेल्या, की काकू मागे राहायची. त्या बाईचा हात हातात घेऊन नुसती बसायची, कधी हळू आवाजात प्रार्थना करायची. कुणी तिला 'तुमचा देव इथे नको' म्हटलं नाही. भाऊबंदांची बंदी कधी उठली ते सांगता येणार नाही. ती कुणी उठवली नाही, ती विरून गेली.

सेहेचाळीसच्या हिवाळ्यात भिकुकाकू गेली. दोन दिवसांचा खोकला, फार हाल नाहीत. मी पिंप्राळ्याहून गेले. आईचे गुडघे तेव्हा धरले होते. मी तिला हाताला धरून नेलं. आत मंडळीतले लोक हळू आवाजात गात होते. कोपऱ्यावर आई थांबली, पदर ओढला, आवाज काढला. म्हातारा आवाज, पण सूर तोच. रडत रडत आम्ही दारापाशी गेलो, आणि आईनं हात पुढे केले.

पण दारात यायला त्या घरात आता बाईच उरली नव्हती.

पुनाकाका काठी टेकत बाहेर आला. डोळे कोरडे ठेवायचा त्यानं फार प्रयत्न चालवला होता.

"वहिनी, रडू नका," तो म्हणाला. "ती सुखमा शे. झुलालजोडे शे."

"माहीत शे माले," आई म्हणाली. तिचे हात पुढेच होते. "तुना प्रभूलेबी माहीत व्हतं, पुनाभाऊ. तरी तो रडना ना?"

काकाच्या हातातली काठी खाली पडली. पुरुषानं गळ्यात पडून रडायची आमच्यात रीत नाही. माझ्या आईनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि सूर धरला.